बबल कारची खानदेशी भावंडं

बीएमडब्ल्यूची इझेटा ही बुडबुड्यासारखी गोल छोटी गाडी, म्हणजे बबल कार, २.२८ मीटर लांब आणि १.३८ मीटर रुंद होती. जळगाव स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या बजाजच्या रिक्षाला टेप लावली, तर लांबी दीडेक वीत जास्त भरेल आणि रुंदी थोडी कमी. इझेटात दोन माणसं बसायची, फार तर मांडीवर एक पोर. रिक्षात किती बसतात हे खानदेशात कुणाला सांगायला नको. दोघींचं इंजिन मोटरसायकल-स्कूटरच्या घरातलं, दोघींची चाकं लहान, आणि दोघी जन्मल्या त्या एकाच गरजेतून: मोटार परवडत नाही, पण पायी चालणंही आता सोसत नाही.

हा योगायोग नाही. दोघी एकाच गोतावळ्यातल्या आहेत आणि त्यांचं मूळ १९४५ सालच्या युरोपातल्या ढिगाऱ्यांत सापडतं. मोटारींच्या इतिहासात बबल कारचं प्रकरण साधारण १९६४-६५ला मिटवतात. तिथे ते मिटलं असं मला वाटत नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर, भुसावळच्या स्टेशनाबाहेर, सावद्याच्या केळीच्या वखारींपाशी ते पुढची चाळीस वर्षं चालू राहिलं. वरची काच गेली, बाकी गाडी राहिली.

युद्ध संपलं तेव्हा इटलीत पोंतेदेरा इथला पिआज्जो कंपनीचा विमान कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेला होता. कारखान्यात बॉम्बफेकी विमानं बनत. आता ती बनवायची सोय उरली नव्हती आणि लोकांना तर कामावर जायला वाहनच नव्हतं. एन्रिको पिआज्जोने हेलिकॉप्टरवर काम केलेल्या कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याला स्वस्त दुचाकी बनवायला सांगितलं. १९४६च्या एप्रिलमध्ये वेस्पाचं पेटंट नोंदलं गेलं. दोन वर्षांनी, १९४८मध्ये, त्याच वेस्पाच्या मागे दोन चाकं आणि एक फळ्यांचा हौदा लावून मालवाहू तीनचाकी तयार झाली. इंजिन १२५ सीसीचं, माल दोनशे किलो. तिचं नाव आपे. आपल्याकडची रिक्षा या गाडीची थेट वारसदार.

रिक्षाचं पुढचं चाक कधी खाली वाकून नीट बघावं. सायकलचं किंवा मोटरसायकलचं चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेलं असतं. रिक्षाचं तसं नाही. ते एकाच बाजूने, एकाच दांडीवर तोललेलं असतं. विमानाचं उतरण्याचं चाक असंच एका बाजूने धरलेलं असतं आणि दास्कानिओने ती रचना तिथूनच घेतली, कारण मोटरसायकलचं पंक्चर काढताना होणारी दमछाक त्याला नकोशी वाटे. एका बाजूने बोल्ट काढले की चाक हातात येतं. तिन्ही चाकं एकाच मापाची, त्यामुळे एक जादा चाक कुठेही चालतं. बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या खेड्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, सीटा खाली उतरवून दहा मिनिटांत चाक बदलून पुन्हा निघणाऱ्या रिक्षावाल्याच्या हाती इटलीच्या विमान अभियंत्याची ती युक्ती असते.

जर्मनीत परिस्थिती आणखी अवघड होती. हरलेल्या देशाला विमानं बनवायला बंदी होती. मेसरश्मिट आणि हाइंकेल ही लढाऊ विमानांची नावं. दोघांचेही कारखाने आणि कारागीर मोकळे बसले होते. फ्रिट्झ फेंड नावाचा तरुण अभियंता युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी तीनचाकी गाड्या बनवत होता. त्याला दिसलं की धडधाकट माणसंही त्या गाड्या मागायला येताहेत. तो मेसरश्मिटकडे गेला आणि १९५३मध्ये रेगेन्सबुर्गच्या कारखान्यातून केआर १७५ बाहेर पडली. दोन वर्षांनी तिची सुधारलेली बहीण केआर २०० आली. पुढे चालक, त्याच्या मागे प्रवासी, आणि दोघांच्या डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट. दार नाहीच, सगळा घुमटच एका बाजूला उलटायचा आणि आत उतरून बसायचं. चक्राऐवजी हातात मुठीचा दांडा. या गाडीचं टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलटं फिरवत सुरू करता येई, त्यामुळे पुढे जायला चार गिअर तसे मागे जायलाही चार. आणि नात्यातला एक दुवा तर अगदी सरळ आहे: १९५५पासून काही काळ हीच मेसरश्मिट जर्मनीत पिआज्जोच्या परवान्यावर वेस्पा बनवत होती.

या सगळ्यांत जास्त नाव झालं ते इझेटाचं. मिलानजवळच्या ब्रेस्सो गावी इझो नावाची कंपनी होती. ती आधी फ्रिज बनवी, मग स्कूटर बनवू लागली. रेन्झो रिव्होल्ता हा मालक, एर्मेनेजिल्दो प्रेती आणि पिएरलुइजी राज्जी हे दोघे आरेखक. १९५३च्या नोव्हेंबरात तुरीनच्या प्रदर्शनात त्यांनी जी गाडी मांडली तिचा पुढचा सगळा चेहराच दार होता, आणि ते उघडायचं फ्रिजच्या दारासारखं. दाराबरोबर स्टिअरिंगचा दांडाही बाहेर झुके, म्हणजे माणसाला आत शिरायला वाट मोकळी. फुटपाथला तोंड लावून गाडी उभी करायची आणि सरळ फुटपाथवर उतरायचं. इटलीत ती फारशी खपली नाही. पण म्युनिकची बीएमडब्ल्यू तेव्हा मोठ्या, देखण्या, तोट्यातल्या मोटारी बनवून टेकीला आली होती. तिने इझेटाचे साचे आणि हक्क विकत घेतले, आपल्या मोटरसायकलचं २४७ सीसीचं इंजिन बसवलं आणि १९५५मध्ये गाडी बाजारात आणली. १९६२पर्यंत एक लाख साठ हजारांहून जास्त इझेटा तिने बनवल्या. आज दिल्ली-मुंबईत ज्या नावाचा तोरा आहे, ती कंपनी या छोट्या गाडीने जगवली.

इथे कायद्याचा भाग नीट पाहायला हवा, कारण पुढे आपल्या गोष्टीचा सांधाही तिथेच आहे. जर्मनीत अडीचशे सीसीच्या आतल्या गाडीला मोटारीचा परवाना लागत नसे, मोटरसायकलचाच चाले. ब्रिटनमध्ये तीन चाकांच्या गाडीला कर कमी आणि रिव्हर्स गिअर नसेल तर तीही मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता येई. म्हणून ब्रायटनच्या जुन्या रेल्वे कारखान्यात १९५७पासून तयार झालेल्या इझेटाला मागे एकच चाक लावलं. सरकारने कागदावर जिथे रेघ मारली, गाडीचा आकार तिथेच थांबला. त्यात जुलै १९५६मध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, पाठोपाठ लढाई झाली, कालवा बंद पडला आणि डिसेंबरापासून ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशन आलं. गॅलनमागे दुप्पट पळणाऱ्या या गाड्यांसाठी रांगा लागल्या. या गाड्यांची सर्वांत चांगली वर्षं हीच.

आता त्याच वर्षांतला आपला मुलूख. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे मुंबई राज्यातले दोन जिल्हे. कापूस, केळी, भुईमूग, तेलाच्या घाण्या, गिरण्या. पैसा होता, बाजारपेठाही होत्या. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली, जिला आज सारं जग विप्रो म्हणून ओळखतं. त्याच्या बरोबर एक महिना आधी, २९ नोव्हेंबर १९४५ला, बजाज घराण्याची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नोंदली गेली होती, जी पुढे बजाज ऑटो झाली. युद्धानंतरचे ते दिवस आपल्याकडेही नवं काही काढण्याचेच होते. पण माणसाला इथून तिथे न्यायची साधनं जुनीच: शेतकऱ्याची दमणी, स्टेशनाबाहेरचा टांगा, सायकल आणि १९४८पासून एसटी. धुळ्याच्या छातीवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता त्याला तिथेच छेदतो, म्हणून ट्रक पुष्कळ दिसत. मोटार मात्र डॉक्टर, वकील, जिनिंगवाला आणि कलेक्टर यांच्याच दारात.

नवं सरकार मोटारीकडे चैनीची वस्तू म्हणून बघत होतं. परकीय चलन थोडं, त्यातून यंत्रं आणायची, धान्य आणायचं. १९५१च्या उद्योग कायद्याने कुठला माल कोणी किती बनवायचा ते सरकार ठरवू लागलं. सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे उत्पादन करा नाहीतर निघा, असं धोरण १९५३मध्ये आलं. मुंबईतलं जनरल मोटर्सचं आणि फोर्डचं काम त्यानंतर बंद झालं. उरल्या अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. या यादीत सामान्य माणसाच्या छोट्या गाडीला जागा नव्हती. स्कूटरला होती, आणि तीनचाकीला होती, कारण तीनचाकी म्हणजे सार्वजनिक वाहतूक आणि मालवाहतूक. जर्मनीत कायद्याने बबल कारला वाट करून दिली. आपल्याकडच्या कायद्याने तिच्या भाड्याने चालणाऱ्या भावंडांना वाट दिली. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकी सगळा इतिहास मला त्याच्याभोवती फिरताना दिसतो.

ही वाट प्रत्यक्ष चालून दाखवणारा माणूस होता अहमदनगरचा. नवलमल कुंदनमल फिरोदिया हे वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. माणसाने माणसाला ओढायचं, हातगाडीवर पोती लादून चढ चढायचा, हे त्यांना पटत नसे आणि त्याला यंत्राचा पर्याय हवा हा त्यांचा ध्यास होता. बछराज ट्रेडिंगमार्फत वेस्पाच्या दुचाकी-तीनचाकी आधी आयात होऊ लागल्या. १९५९मध्ये भारतात बनवण्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना पिआज्जोच्या सहकार्याने सुरू झाला. फिरोदियांनी दुसरीकडे, १९५८मध्ये, हॅम्बुर्गच्या फिडाल अँड सोन टेम्पो वेर्के या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो काढली. आधी गोरेगावला, मग आकुर्डीला. तिथे जी गाडी बनू लागली तिचं नाव हान्सेआट.

हान्सेआट म्हणजे खानदेशातल्या बाजारपेठांची ओळखीची काळी तीनचाकी, जिला आपण नुसतं टेम्पो म्हणत आलो. हॅम्बुर्गमध्ये टेम्पो कंपनी १९२८पासून तीनचाकी मालगाड्या बनवत होती, आणि युद्धानंतर हाताला काम नसलेल्या जर्मनीत किराणा, दूध, कोळसा आणि विटा वाहण्याचं काम या गाडीने केलं. लांब नाकाड, त्या नाकाखाली इंजिन, पुढचं एकच चाक, आणि इंजिनाची सगळी ओढ त्याच चाकावर. मागे हौदा मोकळा. पाऊण टन माल ती सहज घेई. जर्मनीत हान्सेआटचं उत्पादन १९५६ला थांबलं, कारण लोकांना चार चाकं परवडू लागली होती. दोन वर्षांत तिने महाराष्ट्रात दुसरा जन्म घेतला आणि इथे ती चाळीस वर्षं जगली.

केळीच्या पट्ट्यात तिला जे काम मिळालं ते पाहण्यासारखं होतं. रावेर, यावल, सावदा, निंभोरा इथली केळी रेल्वेच्या वाघिणींत भरून उत्तरेकडे जात. वाघीण स्टेशनात, बाग शेतात, आणि मधल्या वाटेवर काळ्या मातीची चाकोरी. ट्रक आत वळायचा नाही, बैलगाडीने वेळ जायचा, आणि केळी वाट बघत नाही. तीन चाकांची गाडी बांधावरून, दोन झाडांच्या मधून, आखूड वळणात फिरते. ज्या कारणासाठी हॅम्बुर्गच्या अरुंद बोळांत तिची सोय होती, त्याच कारणासाठी यावलच्या बागेत. हौद्याला दोन समोरासमोरचे बाक लावले, वर ताडपत्री टाकली की ती माणसांची गाडी झाली. आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाया, पाट्या, कोंबड्या आणि मध्ये पाय मुडपून बसलेली पोरं. कागदावर सहा सीटा लिहिलेल्या असत.

या काळात खासगी छोटी गाडी बनवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं मात्र नाही, आणि त्यांतला एक आपल्याच महाराष्ट्रातला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी चाळीसच्या दशकात छोट्या मोटारीचं काम सुरू केलं. १९४९मध्ये त्यांची पहिली दोन आसनांची गाडी तयार झाली. युरोपात इझेटा यायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता. गाडीचं नाव मीरा. पुढची पंचवीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले, नवे नमुने बनवत राहिले, रस्त्यावर चालवून दाखवत राहिले. १९५९मध्ये एल. के. झा यांच्या समितीने स्वस्त गाडीचा विचार मांडला, तरी मीराला मोठ्या उत्पादनाची संधी मिळाली नाही. कापडाच्या गावातल्या एका माणसाने स्वतःच्या बळावर जे केलं त्याची कदर व्हायला हवी होती. झाली नाही, याचं वाईट आजही वाटतं. परदेशातून आलेला एक नमुनाही होता. जर्मनीतल्या फुल्डा शहरातली फुल्डामोबिल ही १९५०पासूनची गोलसर तीनचाकी; बबल कार हे नाव जिच्यावरून रूढ झालं असं म्हणतात ती हीच. चिली, ग्रीस, ब्रिटन, नेदरलंड्स अशा देशांत ती वेगवेगळ्या नावांनी बनली, त्या नावांत भारतातलंही एक नाव आहे: हंस वाहार. ती बाजारात रुजली नाही. सत्तरच्या दशकात बंगळूरच्या सनराइज कंपनीने फायबरची बादल काढली, तीन चाकांची, मागे १९८ सीसीचं इंजिन. तिचंही आयुष्य थोडंच. छोट्या मोटारीचं सरकारी इरादापत्र १९७०मध्ये दिल्लीत निघालं, पुढे मारुती उभी राहिली आणि त्यातूनही रस्त्यावर धावणारी गाडी यायला १४ डिसेंबर १९८३ उजाडावं लागलं. तीही आली सुझुकीची. युद्धानंतरच्या जपानने ३६० सीसीच्या मर्यादेत ज्या छोट्या गाड्या वाढवल्या, त्याच वंशातली.

समजा, १९५५ साली इझेटा जळगावात आलीच असती तर? मला वाटतं, ती तगली नसती, आणि कारण गरिबीपेक्षा ऊन आहे. बबल कार ही थंड हवेची गाडी. काच किंवा प्लास्टिकचा घुमट ऊब धरून ठेवतो, आणि हॅम्बुर्गच्या पावसात तेच तर हवं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा उन्हात चार तास उभ्या राहिलेल्या काचेच्या गाडीत कोण बसेल? युरोपातही उन्हाळ्यात लोक छताचं कापड उघडून फिरत. आपल्या रिक्षाने काच फक्त पुढे ठेवली. वर कापडी हूड, दोन्ही बाजू सताड उघड्या, उन्हाळ्यात वाऱ्याची झुळूक आणि पावसाळ्यात सोडायचे पडदे. दार नसल्यामुळे चढ-उतर झटपट होते, आणि भाड्याच्या गाडीला ती झटपट फार मोलाची. बबल कारच्या आरेखकांनी दाराच्या जागेसाठी एवढी अक्कल लढवली. खानदेशच्या हवेने दार काढूनच टाकलं.

चालवणाऱ्याची जागा मात्र केआर २०० आणि रिक्षा यांच्यात जवळजवळ सारखीच राहिली. चालक एकटा पुढे, मधोमध. हातात चक्र नाही, मूठ. रिक्षात डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत अॅक्सिलरेटर, पायाखाली ब्रेक. बजाजची जुनी रिक्षा सुरू करायला खाली डावीकडे एक लांब दांडा असे. चालक किंचित कलायचा, दांडा हाताने वर ओढायचा, एकदा, दोनदा, आणि थंड इंजिन असेल तर चोक ओढून तिसऱ्यांदा. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, म्हणून मागे निळसर धूर आणि तो ओळखीचा वास. सुरुवातीच्या रिक्षांचं इंजिन पुढे, चालकाच्या सीटखाली असे. आवाज आणि धग दोन्ही त्याच्याच वाट्याला. १९७७मध्ये बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा आणली आणि चालकाचं जिणं बरंच सुसह्य झालं. खानदेशच्या उन्हाळ्यात सीटखालचं तापलेलं इंजिन घेऊन ज्यांनी वीस-वीस वर्षं रिक्षा चालवली, त्यांच्या कष्टाची नोंद कुठल्याही मोटार-इतिहासात नाही.

टांग्याचा शेवट या रिक्षेने केला. तो एका दिवसात झाला नाही. स्टेशनापासून गावात जायला दोन्ही साधनं बरीच वर्षं शेजारी शेजारी उभी असायची, आणि घोड्याचा दाणा-वैरण, नालबंदी, आजारपण यांचा खर्च पेट्रोलपेक्षा जड होत गेला तसतसा टांगा मागे पडला. मीटरची रिक्षा ही मुंबई-पुण्याची गोष्ट. जळगावात आणि धुळ्यात रिक्षा सीटवर चालली. टॉवर चौक, अजिंठा चौफुली, पिंप्राळा. तिकडे पाच कंदील, देवपूर, मोहाडी. पुरेशा सीटा भरल्या की निघायचं. एका माणसाची खासगी गाडी म्हणून युरोपात जन्मलेला आकार इथे सात-आठ अनोळखी माणसांचा सामाईक झाला. आसोद्याची भाजी घेऊन येणारी बाई, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सिव्हिलला निघालेला म्हातारा एकाच सीटवर खेटून बसले. एरवी एकट्याने शहरात न येणाऱ्या कितीतरी मुली या सामाईक रिक्षांनी शाळेपर्यंत, कॉलेजपर्यंत पोचवल्या आहेत.

युरोपात बबल कार फार लवकर ओसरली. जुलै १९५७मध्ये फियाटने ५०० काढली. तीही चिमुकली, पण चार चाकांची, खऱ्या मोटारीची ऐट असलेली. ब्रिटनमध्ये बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड रस्त्यावरच्या या गोल गाड्यांनी वैतागले होते. त्यांना हुसकावेल अशी नीट छोटी मोटार करा, असं त्यांनी अॅलेक इसिगोनिसला सांगितलं, आणि ऑगस्ट १९५९मध्ये मिनी आली. पगार वाढले, सुएझची टंचाई सरली. बीएमडब्ल्यू डिसेंबर १९५९मध्ये डाइमलर-बेंझच्या घशात जाता जाता वाचली आणि हर्बर्ट क्वांटच्या पैशावर तिने मध्यम आकाराच्या मोटारींचा रस्ता धरला. जर्मनीवरची विमानबंदी उठल्यावर मेसरश्मिट आपल्या मूळ धंद्याकडे गेली; फेंडने केआर २०० आणखी काही वर्षं चालवली, १९६४ला तीही संपली. हाइंकेलची कॅबिन नावाची बबल कार हक्क विकत विकत आयर्लंडला आणि मग इंग्लंडला ट्रोजन कंपनीकडे गेली, तिथे १९६६पर्यंत कशीबशी टिकली.

आपल्याकडे नेमक्या याच वर्षांत तीनचाकीचं राज्य सुरू होत होतं. बजाज टेम्पोने १९६९मध्ये मॅटेडोर आणली आणि वऱ्हाडाच्या गाडीचा प्रश्न सुटला, तरी हान्सेआट बंद झाली नाही. ती आकुर्डीत २०००पर्यंत बनत राहिली. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इटलीच्या इन्नोचेंतीचा लॅम्ब्रेटाचा सारा सरंजाम १९७२मध्ये आणला आणि त्याच घराण्यातली विक्रम ही मोठी रिक्षा पुढे देशभर पसरली. मग जुन्या घरातली लेकच परत आली. पिआज्जोने १९९९मध्ये बारामतीला कारखाना काढला आणि १९४८चंच नाव घेऊन डिझेलवरची आपे बाजारात उतरवली. जळगाव-धुळ्यात आपण तिला अॅपे म्हणतो. खेड्यांत हान्सेआटने रिकामी केलेली जागा तिने घेतली. एम-एच १८ किंवा एम-एच १९ची पाटी लावलेली, मागे देवाचं किंवा मुलीचं नाव रंगवलेली अॅपे कुसुंब्याच्या वा सोनगीरच्या फाट्यावर उभी असते, तिच्या मालकाला पोंतेदेरा कुठे आहे हे माहीत असण्याचं काही कारण नाही, पण त्याच्या रोजीरोटीचा धागा तिथवर जातो.

कायद्याची जुनी अडचण अलीकडे पुन्हा एकदा समोर आली. जानेवारी २०१२मध्ये बजाजने आरई ६० नावाची गाडी दाखवली: चार चाकं, चार माणसं, डोक्यावर पत्र्याचं पक्कं छप्पर, मागे २१६ सीसीचं इंजिन. रिक्षाच्या जागी बंद, पावसा-उन्हापासून वाचवणारी गाडी असावी, हा हेतू. पण ही मोटार की रिक्षा? आपल्या नियमांत दोहोंच्या मधला खण नव्हता. क्वाड्रिसायकल हा वर्ग आखायला, त्यावरचे कोर्टातले वाद निपटायला आणि खासगी वापराला मोकळीक द्यायला २०१८ साल उजाडलं. तोवर वाळूजच्या कारखान्यातून ती क्यूट या नावाने परदेशी रवाना होत होती. इझेटाला जी वाट १९५५मध्ये एका रेघेने मिळाली, तीच वाट आपल्या गाडीला मिळायला सहा वर्षं लागली, आणि तोपर्यंत गिऱ्हाईक पुढे निघून गेलं होतं.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅडिसन गावी या छोट्या गाड्यांचं एक मोठं संग्रहालय होतं. फेब्रुवारी २०१३मध्ये त्याचा लिलाव झाला तेव्हा इझेटा आणि मेसरश्मिट घेण्यासाठी जगभरचे हौशी जमले. आपल्याकडे हान्सेआट भंगारात गेली, वजनावर. एखाद्या गॅरेजच्या मागे, पिंपळाखाली, तिचं नाकाड अजून उभं असेल तर ते उचलून धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या एखाद्या संस्थेने जपावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाडीपेक्षा घाई आहे ती माणसांची. साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी पहिली परमिटं काढली ते चालक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारायला हवं: परमिट कोणत्या साली मिळालं, पैसे कोणी दिले, टांगेवाल्यांशी कसं जमलं, पेट्रोल किती पुरायचं, पहिली फेरी कुठे होती, आणि त्या दिवशी रिक्षात कोण बसलं होतं.